मोजणी

अनातोल म्हणतो, कागदांवर जाऊ नकोस,
तीन दिवस समोर बस आणि माणसं मोज.
म्हणून कोव्हिल्यातल्या या चढाच्या गल्लीत
चर्चच्या पायरीवर बसलेय,
मांडीवर पाव, हातात पेन्सिल.
समोरच्या काचेवर पिवळी पडलेली चिठ्ठी: विकणे आहे.

चौदा वर्षं या देशात मी दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या.
कुणाच्या पलंगाखाली काय सापडतं ते मला विचारा.
गल्ल्याखाली काय असतं, ते आत्ता शिकतेय.

मार्चमध्ये एक बेकरी पाहिली.
मालक भट्टीचं कौतुक सांगत होता, आजोबांपासूनचं,
मी सहज हात टेकवला. गार.
पाव शेजारच्या गावातून यायचे, पहाटे, फडक्याखाली झाकून.
मग एक लाँड्री: सहा यंत्रं, सहाही भाड्याची,
स्वतःची म्हणावी अशी फक्त साबणाची बादली.
मग तो कॅफे, त्याच्या दोन वह्या,
एक सरकारला दाखवायची, एक आम्हाला.
"खरी तिसरी बायकोच्या कपाटात असणार,"
घरी आल्यावर बूट काढता काढता अनातोल म्हणाला,
आणि बराच वेळ एकच बूट हातात धरून बसला.

आता हे बटणांचं दुकान.
भिंतभर पुठ्ठ्याचे खोके,
प्रत्येकावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं,
शिंपल्याचं, हाडाचं, लष्करी पितळेचं.
सोरोकात माझी आई कपड्याची चिंधी करण्याआधी
त्याची बटणं कापून डब्यात टाकायची.
बटण विकत आणतात, हे मला खूप उशिरा कळलं.

दुकान चालतं का, असं पहिल्या भेटीत विचारलं
तर दोना आल्बेर्तिना म्हणाली,
"चालत कुठलं, बाई. बसलंय. माझ्यासारखंच.
पण बसल्या जागी सगळं दिसतं त्याला."

पहिल्या दिवशी अकरा.
एक शाळकरी पोर, चेन बदलायला जाकीट घेऊन.
दोघी बहिणी, इलॅस्टिकवरून भांडत आल्या, भांडत गेल्या.
दुसऱ्या दिवशी सात.
तिसऱ्या दिवशी डोंगरावरून धुकं उतरलं
बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्यांवर, मग गल्लीत,
आणि आला एकटा पोस्टमन, तोही हात शेकायला.
तरी मी एक लिहिला.

तेव्हा ती खुर्ची घेऊन बाहेर आली.
"पायरी गार असते, कंबर धरेल. कितीवर आलीस?"
लपवण्यात काही अर्थ नव्हता.
"एकोणीस."
"बावीस," ती म्हणाली.
"मागच्या दाराने येणारे तू धरले नाहीस."

वरच्या मजल्यावरची एक, काळा दोरा नेते,
नवरा गेल्यापासून उधारीवर.
एक इलारियो, गिरणीत विणकर होता, आता हात थरथरतात,
फक्त सुईत दोरा ओवून घ्यायला येतो.
"त्याचे किती घेता?"
"ओवण्याचे कुणी पैसे घेतं का?"
आणि तिसरा?
"माझा मुलगा. विकलं का, विचारायला."

आत गेलो. तिने रक्कम सांगितली.
मी मनात उधारी वजा केली, छत गळतं ते वजा केलं,
आमच्या बचतीला ती भिडत होती, जेमतेम,
एखादं बटण कमी असलेल्या सदऱ्यासारखी.
"हे तिघे या किमतीत धरलेत की वेगळे?"
ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली,
कापड अस्सल आहे का, बघावं तशी.

सहाच्या सुमाराला मागचं दार वाजलं.
ती उठलीच नाही,
सुई आणि राखाडी दोरा माझ्याकडे सरकवला.
इलारियो दारात उभा, टोपी हातात,
मी कोण हे त्याने विचारलं नाही.
पहिल्यांदा दोऱ्याचं टोक दुभंगलं. दुसऱ्यांदाही.
मी ते ओठात धरून ओलं केलं.
खिशात फोन थरथरत होता,
अनातोल असणार, आकडा विचारायला.
माझे दोन्ही हात गुंतलेले होते.